रोग नाहीं असें वाटणाऱ्या पुरुषाचें कर्तव्य

कांहीं रोग असे आहेत कीं, त्यांचें नांव निघतांच घरांतील वडील माणसें विषय बदलतात. मंडळींत तर तो शब्द कोणी उच्चारीतही नाहीं. गरमी, परमा, किंवा सरसकट गुप्तरोग असें म्हणून आपण त्यांस बाजूस सारतों. परंतु रोगास आपली लाज कळत नाहीं. ज्या गोष्टीविषयीं बोलण्यास आपण लाजतों, तिचें दुःख घरांत मुकाट्यानें भोगलें जातें, आणि तें भोगणारी बहुधा स्त्री असते. म्हणून आज आम्ही ह्या पत्रांत एक प्रश्न उघडपणें विचारांत घेणार आहों. ज्या पुरुषास कसलाही त्रास नाहीं, पण ज्यास असा रोग जडला असण्याचा संभव आहे, त्यानें आपली वैद्यकीय चाचणी करून घेणें हें त्याचें कर्तव्य आहे काय? "मला कांहीं होत नाहीं, मग मी कशाला तपासून घेऊं?" असें तो म्हणतो. हें उत्तर नीतीच्या दृष्टीनें पुरेसें आहे काय?

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. कारण ज्याचें स्वरूप ठाऊक नाहीं त्याविषयीं कर्तव्य सांगणें व्यर्थ होय. अशा रोगांपैकीं जगांत सर्रास आढळणारा एक म्हणजे क्लॅमिडिया. आपल्या भाषेंत त्यास जुनें नांव नाहीं, कारण तो सहसा डोळ्यांस दिसत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं १५ ते ४९ ह्या वयाच्या माणसांत ह्या रोगाचे सुमारें १३ कोटी नवे प्रसंग घडले. ह्याचा जंतु आपल्या खेड्यांस अगदींच परका आहे असें मात्र नाहीं. डोळ्यांच्या खुपऱ्या, ज्यांनीं पूर्वीं कित्येकांची दृष्टि नेली, त्या ह्याच जंतूच्या दुसऱ्या प्रकारांपासून होतात. १९०७ सालीं हाल्बरश्टेटर व प्रोवाझेक ह्या दोन शास्त्रज्ञांनीं जावा बेटांत खुपऱ्यांचा अभ्यास करीत असतां ह्या जंतूच्या खुणा प्रथम पाहिल्या. खुपऱ्यांचा सार्वजनिक उपद्रव भारतांतून नाहींसा झाला असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं मान्य केलें. परंतु त्याच जंतूचे जे प्रकार स्त्रीपुरुषसंबंधांतून पसरतात, ते अद्याप आपल्यांत आहेत.

हा रोग जडलेल्या पुरुषांपैकीं निम्म्यांस तरी कोणतेंही लक्षण जाणवत नाहीं. बाकीच्यांस लघवीच्या वेळीं जळजळ होते, किंवा थोडा स्राव दिसतो, आणि कधीं कधीं तोही आपोआप थांबतो. मग पुरुषास वाटतें कीं, उष्णता झाली होती ती उतरली. स्त्रियांत तर शेकडा ७० च्या आसपास स्त्रियांस प्रारंभीं कांहींच कळत नाहीं. परंतु स्त्रीच्या शरीरांत हा जंतु वर वर चढत जाऊन गर्भाशय व गर्भनलिका ह्यांस सूज आणूं शकतो. ती सूज ओसरल्यावर नलिकांत व्रण राहतात. त्या व्रणांमुळें कित्येकींस मूल होत नाहीं. कित्येकींचा गर्भ गर्भाशयांत न रुजतां नलिकेंत रुजतो, आणि नलिका फुटल्यास प्राणावर बेततें. कित्येकींच्या ओटीपोटांत वर्षानुवर्षें दुखत राहतें. बाळंतपणाच्या वेळीं रोग अंगांत असला तर नवजात बालकाच्या डोळ्यांस व फुप्फुसांसही तो होऊं शकतो. पुरुषास बहुधा फार तर वृषणाजवळ सूज येते, आणि तीही थोड्यांसच.

उलट, पुरुषाची चाचणी अगदीं साधी आहे. तासभर लघवी न करतां नंतरच्या लघवीची पहिली धार एका बाटलींत द्यावयाची, एवढेंच. सुई नाहीं, शस्त्र नाहीं. रोग निघाल्यास डॉक्टर बहुधा सात दिवस घेण्याच्या गोळ्या देतात, आणि त्यांनीं तो बरा होतो. चाचणीचें कष्ट इतके थोडे, औषध इतकें सोपें, आणि न केल्यास दुसऱ्याची हानि इतकी मोठी. ह्या तीन गोष्टी वाचकांनीं मनांत धरून पुढें चलावें.

ही हानि कोठें लपून राहते तें महाराष्ट्रानें एकदां स्वच्छ पाहिलें आहे. १९८९ सालीं डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचा वृत्तांत लॅन्सेट ह्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांपैकीं शेकडा ९२ जणींस जननेंद्रियांचा कांहीं ना कांहीं रोग आढळला. आणि पूर्वीं अशी तपासणी कधीं तरी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ च होत्या. हे सगळेच रोग पतीकडून आलेले होते असें कोणीं म्हणूं नये. त्यांत नाना प्रकार होते. परंतु एवढें सिद्ध झालें कीं, खेड्यांतील स्त्री ज्या दुःखाविषयीं बोलत नाहीं, तें दुःख नसतें असें नव्हे. जिला विचारलें गेलें नाहीं तिनें सांगितलें नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

आतां मुंबईकडे वळूं; कारण आमच्या वाचकांपैकीं फार थोडीं घरें अशीं असतील कीं, ज्यांतील एखादा मुलगा, भाऊ किंवा धनी त्या शहरीं नाहीं. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली हीं उपनगरें कोकणांतल्या, देशावरच्या व मराठवाड्यांतल्या माणसांच्या श्रमांवर उभीं राहिलीं आहेत. कोणी इमारतीच्या कामावर आहे, कोणी रखवालदार, कोणी रिक्षा चालवितो, कोणी हॉटेलांत राबतो. एका खोलींत आठ-दहा जण पाठीस पाठ लावून निजतात, आणि महिनाअखेर गांवीं पैसे पाठवितात. त्यांतील पुष्कळ जण सचोटीनें राहतात; त्यांच्यावर संशयाची छाया पडेल असें आम्हांस कांहींही म्हणावयाचें नाहीं. परंतु घरापासून वर्षाचे दहा महिने दूर राहणाऱ्या तरुणास मोह पडतो, आणि कोणी त्यास बळी पडतो, हें डोळे मिटून नाहींसें होत नाहीं. असा मनुष्य सुटींत घरीं येतो. त्याच्या पेटींत पत्नीसाठीं लुगडें असतें, मुलांसाठीं खाऊ असतो. आणि कदाचित् त्याच्या अंगांत असें कांहीं असतें कीं, ज्याची त्यास स्वतःस वार्ताही नसते.

त्या शहरांत पुरुषांस आपल्या देहाची चिंता नसते काय? फार असते, पण ती वाट चुकते. लोकल गाडीनें जातांना रुळांलगतच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या हमखास इलाजांच्या जाहिराती वर्षानुवर्षें रंगविलेल्या दिसत आल्या आहेत. २००० सालानंतर देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था व तिच्या सहकारी संशोधकांनीं मुंबईच्या गरीब वस्त्यांतील विवाहित पुरुषांमध्यें काम केलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, पुरुष ज्यास गुप्तरोग म्हणतात त्यांत अशक्तपणाची व धातु जाण्याची भीतिच फार असते. आणि त्या भीतीपोटीं ते जवळच्या खासगी वैद्याकडे पैसे घेऊन जातात. म्हणजे पुरुषार्थ कमी होईल ह्या भयानें पुरुष खिसा रिकामा करतो. परंतु आपल्यापासून दुसऱ्यास रोग होईल काय, हा प्रश्न घेऊन दवाखान्याची पायरी चढणारा विरळा. पहिलें भय स्वतःविषयींचें आहे, दुसरें दुसऱ्याविषयींचें. ह्या दोहोंतील अंतर हाच आमच्या विषयाचा गाभा आहे.

आतां मूळ प्रश्न. "मला ठाऊक नव्हतें" असें जो म्हणतो त्याचा दोष नाहीं, हें सामान्यपणें खरें आहे. परंतु अज्ञान एकाच जातीचें नसतें. एक अज्ञान असें कीं, जें दूर करण्याचा उपायच नव्हता. दुसरें असें कीं, उपाय होता, पण संशयास कांहीं कारण नव्हतें. ह्या दोन्हीं प्रकारांत मनुष्य निर्दोष होय. परंतु तिसरें एक अज्ञान आहे. त्यांत संशयास कारण असतें, उपाय हाताशीं असतो, आणि तरीही मनुष्य तिकडे पाठ फिरवितो, कारण पाहिलें तर कांहीं तरी करावें लागेल. हें अज्ञान त्याच्यावर येऊन पडलेलें नसतें. तें त्यानें स्वतः राखलेलें असतें. आणि जें आपण स्वतः राखलें त्याची जबाबदारी आपली.

बाजारांतील एक उदाहरण घ्या. एका दुकानदाराचें किलोचें वजन वापरून वापरून झिजलें आहे. त्यास तें ठाऊक नाहीं. तोपर्यंत त्यास कोणी लबाड म्हणणार नाहीं. एके दिवशीं एक गिऱ्हाईक म्हणतें, "शेठजी, तुमच्याकडची साखर घरीं कमी भरते." त्या क्षणापासून गोष्ट पालटते. आतां त्यानें वजन तपासून घेतलें नाहीं, आणि वर शपथ घेऊन सांगितलें कीं, "माझें वजन कमी आहे हें मला ठाऊक नाहीं," तर शपथ अक्षरशः खरी असूनही तो मनुष्य खरा नव्हे. लक्षांत घ्या कीं, झिजलेल्या वजनानें दुकानदाराचें कांहींच जात नाहीं. जातें तें गिऱ्हाइकाचें. म्हणूनच तपासण्याची त्यास घाई नसते. ज्या रोगानें आपल्यास त्रास होत नाहीं आणि दुसऱ्यास होतो, त्याविषयीं पुरुषाची स्थिति हुबेहूब अशीच आहे. त्याचें शरीर त्यास खडसावीत नाहीं; म्हणून खडसावण्याचें काम त्याच्या विवेकबुद्धीनें करावयाचें.

ह्यावर कोणी विचारी वाचक म्हणेल, "तुम्ही पुरुषावर एवढा भार घालतां, पण ज्या देशांत ह्या रोगाची सार्वजनिक तपासणी चालते, तेथील डॉक्टरच पुरुषांची तपासणी आवश्यक समजत नाहींत." हा आक्षेप पोकळ नाहीं. इंग्लंडांत तरुण स्त्रीपुरुषांची क्लॅमिडियासाठीं तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जून २०२१ मध्यें त्याचें धोरण बदलण्यांत आलें. लक्षण नसतांना दवाखान्यांत किंवा औषधांच्या दुकानांत आपण होऊन चाचणी पुढें करावयाची ती तरुण स्त्रियांसच, असें ठरलें. कारण असें कीं, न बरा केलेल्या रोगाची हानि मुख्यतः स्त्रियांस होते, आणि पैसा व मनुष्यबळ मर्यादित आहे. त्याच वर्षीं अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या मंडळानेंही असें म्हटलें कीं, लक्षण नसलेल्या सर्व पुरुषांची तपासणी करण्याचा लाभ किती हें ठरविण्यास पुरेसा पुरावा नाहीं.

परंतु ह्यावरून काय निघतें आणि काय निघत नाहीं, तें नीट पाहिलें पाहिजे. सरकारी खात्यापुढें प्रश्न असा असतो कीं, हातांत असलेला पैसा लक्षावधि लोकांत कोठें खर्च केला असतां अधिकांत अधिक हानि टळेल? त्याचा हिशेब तें करतें, आणि तो योग्यही असूं शकतो. एका पुरुषापुढील प्रश्न निराळा आहे. त्यास लक्षावधि लोकांचा हिशेब करावयाचा नाहीं. त्याच्यापुढें एकच स्त्री आहे, आणि ती त्याच्या विश्वासावर त्याच्या घरीं नांदते. पाटबंधारे खातें प्रत्येक शेताच्या बांधावर पहारेकरी ठेवूं शकत नाहीं, म्हणून आपल्या बांधास पडलेलें भगदाड शेजाऱ्याच्या पिकांत पाणी सोडीत असतां आपण स्वस्थ बसावें, असें कोणता शेतकरी म्हणेल? शिवाय त्या इंग्लंडांतही ज्या पुरुषाच्या सोबतिणीस रोग निघाला, किंवा ज्यास लक्षणें आहेत, त्याची चाचणी व औषध बंद झालेलें नाहीं. सर्वांस सरसकट बोलावणें थांबलें. ज्याच्यावर खरोखर ऋण आहे त्याचें ऋण फिटलें नाहीं.

दुसरा वाचक उलट टोकास जाऊन म्हणेल, "कर्तव्यच आहे तर कायद्यानें सक्ती करावी. प्रत्येक पुरुषास धरून तपासावें." ह्या मार्गानें जग एकदां गेलेलें आहे, आणि त्याचें फळ कडू निघालें. इंग्लंडांत १८६४ सालीं व हिंदुस्थानांत १८६८ सालीं सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. मुंबई शहरींही तो कांहीं काळ अंमलांत होता. त्यान्वयें वेश्याव्यवसायांतील स्त्रियांनीं आपलीं नांवें नोंदवावयाचीं, ठराविक दिवशीं शरीराची तपासणी करून घ्यावयाची, आणि रोग आढळल्यास लॉक हॉस्पिटलांत कोंडून घ्यावयाचें. ज्या पुरुषांच्या आरोग्यासाठीं हा खटाटोप, त्यांच्यावर त्या कायद्यानें अशी कोणतीही सक्ती केली नव्हती. इंग्लंडांत जोसेफिन बटलर बाईंनीं ह्या अन्यायाविरुद्ध वर्षानुवर्षें चळवळ केली. मुंबईंत बाँबे गार्डियन ह्या ख्रिस्ती साप्ताहिकाचे संपादक आल्फ्रेड डायर ह्यांनीं छावण्यांतील ह्या व्यवस्थेवर कडक टीका केली. इंग्लंडांतला कायदा १८८६ सालीं व आपल्याकडील १८८८ सालीं रद्द झाला. त्या इतिहासापासून दोन गोष्टी शिकावयाच्या. दुर्बलाची तपासणी करणें सोपें असतें, म्हणून सक्ती नेहमीं दुर्बलावरच उतरते. आणि ज्याची तपासणी झाली तोच रोगाचें मूळ आहे, असें लोक धरून चालतात.

ही दुसरी गोष्ट आजही आपल्या घरांत घडते. गरोदर स्त्रीच्या रक्ताची एच्. आय्. व्ही. व गरमी ह्यांसाठीं रुग्णालयांत चाचणी होते, आणि ती झालीच पाहिजे, कारण तिच्या योगानें बालक वांचतें. परंतु पतीनेंही यावें असें सांगितलें असतां तो कामाचें निमित्त सांगून टाळतो. मग घरांत रोगाचा कागद पहिल्यानें तिच्या नांवाचा येतो; आणि सासू म्हणते, "हिनेंच घरांत आणला." जी पहिल्यानें तपासली गेली ती पहिल्यानें दोषी ठरली! पति त्याच दिवशीं तिच्या बरोबर गेला असता तर हा अन्याय घडता ना.

सक्तीपासून पुरुषांसही कमी पीडा झालेली नाहीं. १९८९ सालीं गोव्यांत डॉमिनिक डिसोझा नांवाच्या तरुणानें रक्तदान केलें होतें. त्या रक्तांत एच्. आय्. व्ही. आढळल्यावर त्यास पोलिसांनीं नेलें, आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयांत ६४ दिवस एकटें कोंडून ठेवलें. त्याचा अपराध कोणता? दुसऱ्यास रक्त देण्याचा! पुढें १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें एका मजुराचें प्रकरण आलें, चाचणींत एच्. आय्. व्ही. निघाला म्हणून त्यास काम नाकारण्यांत आलें होतें. जो मनुष्य काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून बरोबरच्यांस धोका नाहीं, त्यास केवळ त्या कारणावरून कामापासून दूर ठेवतां येत नाहीं, असा निर्णय न्यायालयानें दिला. अशा गोष्टी कानीं पडल्यावर पुरुष चाचणीस भितो ह्यांत नवल नाहीं. भयानें लोक लपतात, आणि लपलेला रोग अधिक पसरतो. म्हणून २०१७ सालीं झालेल्या व १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आलेल्या एच्. आय्. व्ही. विषयक कायद्यानें असें ठरविलें कीं, मनुष्याची समजून-उमजून दिलेली संमति घेतल्यावांचून ही चाचणी करूं नये, आणि तिचा निकाल गुप्त राखावा. हें आम्हांस योग्य वाटतें.

परंतु त्याच कायद्यांत एक स्थळ असें आहे कीं, तेथें विवेकी पुरुषानें थांबून विचार करावा. कायदा म्हणतो कीं, ज्यास हा रोग आहे आणि ज्यास त्याविषयीं सल्ला मिळाला आहे किंवा तो कसा पसरतो हें माहीत आहे, त्यानें तो दुसऱ्यास होऊं नये म्हणून वाजवी खबरदारी घ्यावी. ही आज्ञा जाणत्यासच पाळतां येते. ज्यानें चाचणीच केली नाहीं त्याच्यापर्यंत ती पोहोंचत नाहीं. तेव्हां धूर्त मनुष्य म्हणेल, "मग न जाणणेंच बरें!" कायद्यास ह्यापुढें जातां येत नाहीं, आणि जाण्याचा प्रयत्न केला तर १८६८ सालची वाट धरावी लागेल. कायद्याची हद्द जेथें संपते तेथें विवेकबुद्धीचें राज्य सुरू होतें. राजा पाहत नाहीं, पोलीस विचारीत नाहीं, डॉक्टर बोलावीत नाहीं. अशा वेळीं केलेली चाचणी हीच पुरुषाच्या सचोटीची खरी साक्ष होय.

म्हणून आमचें उत्तर असें आहे. प्रत्येक पुरुषानें उठून ही चाचणी करावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्याचा विवाहाबाहेर कोणाशीं संबंध आला आहे, मग तो एकदांच असो किंवा कित्येक वर्षांपूर्वींचा असो. ज्यास कधीं जळजळ किंवा स्राव होऊन गेला आहे. ज्याच्या पत्नीस ओटीपोटाचें दुखणें, स्राव किंवा वंध्यत्व ह्यांसाठीं डॉक्टरकडे जावें लागत आहे. किंवा ज्याच्या मागें असा भूतकाळ असून ज्याचा विवाह आतां व्हावयाचा आहे. त्या पुरुषावर हें ऋण आहे. त्यास त्रास होवो वा न होवो, त्यानें तें फेडावें.

आतां थोडा व्यवहार सांगतों. सरकारी दवाखान्यांत अशा रोगांवर बहुधा लक्षणें पाहून औषध देण्याची पद्धति आहे. ठराविक रंगाच्या पुड्यांतून तें मिळतें. ती पद्धति गरिबांस फार उपयोगी आहे, कारण प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाहीं. परंतु ज्यास लक्षणच नाहीं तो तिच्या जाळ्यांत सांपडत नाहीं. म्हणून पुरुषानें स्वतः तोंड उघडून डॉक्टरास खरी हकीकत सांगितली पाहिजे. घाटकोपरचें राजावाडी, अंधेरीजवळचें कूपर ह्यांसारखीं महापालिकेचीं मोठीं रुग्णालयें उपनगरांत आहेत. आणि सरकारनें ह्या रोगांसाठीं चालविलेल्या दवाखान्यांस 'सुरक्षा क्लिनिक' असें नांव आहे. एच्. आय्. व्ही. ची चाचणी सरकारी केंद्रांत विनामूल्य होते. क्लॅमिडियाची लघवीवरील चाचणी सर्वत्र होत नाहीं, व खासगी प्रयोगशाळेंत तिला पैसे पडतात. तेव्हां ती करावी कीं लगेच औषध घ्यावें हें डॉक्टरास विचारावें. १०९७ ह्या क्रमांकावर फोन केल्यास नांव न सांगतां सल्ला मिळतो, आणि त्यास पैसे पडत नाहींत. भिंतीवरच्या जाहिरातींपेक्षां हा क्रमांक पाठ करावा.

रोग निघाला तर पतिपत्नी दोघांनींही एकाच वेळीं औषध घ्यावें, आणि तें पुरें होईपर्यंत, निदान सात दिवस, संबंध ठेवूं नये. एकानेंच औषध घेतलें तर दुसऱ्याकडून रोग परत येतो, आणि मग लोक औषधास दोष देतात. गरोदर स्त्रीचें औषध निराळें असतें, म्हणून पतीच्या गोळ्या तिनें वांटून घेऊं नयेत. तीन महिन्यांनीं पुन्हां एकदां तपासून घेणें चांगलें.

उपदेशक बंधूंनीं व मंडळींतील वडिलांनीं आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, चाचणीचा कागद रोग आहे कीं नाहीं तें सांगतो. तो केव्हां आला, कोणाकडून आला, कोणीं प्रथम पाप केलें, हें सांगत नाहीं. हा जंतु शरीरांत महिनेच्या महिने, कधीं वर्षाहूनही अधिक, मूक राहूं शकतो. तेव्हां त्या कागदावरून पंचायत बसवून न्याय करणें अन्यायाचें होय. दुसरी ही कीं, मूल न होणाऱ्या प्रत्येक स्त्रीस हा रोग आहे, किंवा तिच्या पतीनें तो दिला, असें कोणीं समजूं नये. आपल्या देशांत क्षयाच्या जंतूनेंही गर्भनलिका बंद होतात. आणि कित्येक घरीं उणीव पुरुषाच्याच बीजांत असते. म्हणून "वांझ" हा शब्द आपल्या मंडळींत कोणीं उच्चारूं नये, आणि स्त्रीवर औषधोपचारांचा मारा होण्यापूर्वीं पुरुषाची साधी तपासणी आधीं व्हावी. तिसरी ही कीं, जो मनुष्य येऊन आपल्यापाशीं मन मोकळें करतो, त्याचें गुपित त्याच्या हाडामांसाइतकें त्याचें आहे. तें स्वयंपाकघरांत नेलें तर पुढच्या वेळीं दुसरा कोणी येणार नाहीं. आणि न आलेल्या माणसाच्या पत्नीचें दुःख आपल्या पदरीं येईल.

विवाहापूर्वीं पाळकानें चाचणीचा कागद मागावा काय, असा प्रश्न कित्येक ठिकाणीं निघतो. तो विवाहाची अट म्हणून मागूं नये असें आमचें मत आहे. सक्तीनें आणलेला कागद विकतही मिळतो. आणि खरा असला तरी तो त्या दिवसापुरता असतो, कारण एच्. आय्. व्ही. चा नुकता झालेला संसर्ग कांहीं आठवडे चाचणींत दिसत नाहीं. त्यापेक्षां पाळकानें वधूवरांस, व विशेषेंकरून वरास, एकांतीं बसवून हा विषय समजावून सांगावा, दोघांनीं आपण होऊन डॉक्टरकडे जावें असें सुचवावें, आणि निकाल त्यांच्याच हातीं राहूं द्यावा. वरानें तो आपण होऊन वधूपुढें ठेवला, तर त्याहून चांगला आहेर त्यास देतां येणार नाहीं.

बंधूंनो, पत्नी आपल्या पतीस विचारीत नाहीं कीं, तुम्ही तपासून आलांत काय? विचारण्याची तिला सोय नाहीं. विचारलें तर तिनें संशय घेतला असें होतें, आणि कित्येक घरीं त्याबद्दल मारही बसतो. ज्याला प्रश्न विचारण्याची दुसऱ्यास मुभा नाहीं, त्यानें उत्तर आधींच तयार ठेवावें, हें न्यायाचें आहे. नाताळास व मे महिन्याच्या सुटींत उपनगरांतून आपले पुष्कळ तरुण घरीं येतील. त्यांतील ज्याच्या मनांत ह्या ओळी वाचून थोडी तरी चुळबूळ झाली असेल, त्यानें गाडीचें तिकीट काढण्यापूर्वीं एक सकाळ रुग्णालयांत घालवावी.